जिऑलॉजीनंतर पर्यावरण कायदा शिकायचाय: एलएलबी करू की संसाधन व्यवस्थापन?

भीमाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आजवर वाचनमात्र होतो, पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

मी पंढरपूर तालुक्यातला. बीएस्सी जिऑलॉजी झालंय, सध्या विहीर-बोअरचे पॉइंट देणाऱ्या एका सर्व्हेवाल्याकडे काम करतो. नदीतल्या वाळूचं आमच्याकडे काय चाललंय ते नव्याने सांगायला नको. वाळू गेली तशा काठच्या विहिरी उन्हाळ्यात लवकर तळ गाठायला लागल्या. असं का होतं ते मला कळतं. पण ते कुणापुढे आणि कुठल्या कागदावर मांडायचं, तिथे गाडी अडते. गावाने निवेदनं दिली. पोच मिळाली, पुढे काही नाही.

तर प्रश्न असा, की तीन वर्षांचं एलएलबी करावं, का नैसर्गिक संसाधन व्यवस्थापनातलं एमए/एमएस्सी? पर्यावरण कायद्याच्या ऑनलाइन डिप्लोम्यांच्या जाहिरातीही दिसतात. घरचे म्हणतात एमपीएससी दे. वय २६. नोकरी एकदम सोडता येणार नाही.

कोर्टाची_पायरी

पुण्यात हरित न्यायाधिकरणात (पर्यावरणाच्या वादांचं न्यायालय) वकिली करतो, तेवढ्यापुरतं सांगतो.

दुसऱ्याची केस लढवायची असेल तर एलएलबी आणि सनद, याला पर्याय नाही. दूरशिक्षणातून केलेल्या एलएलबीवर सनद मिळत नाही, तेव्हा जाहिरातींना भुलू नका. डिप्लोमा ही वेगळी चीज आहे. बंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाचा पर्यावरण कायद्याचा पदव्युत्तर डिप्लोमा नोकरी सांभाळून करता येतो, पाया चांगला होतो. पण डिप्लोमा घेऊन कोर्टात उभं राहता येत नाही.

आता जे वर्गात पहिल्या दिवशी सांगायला हवं आणि कोणी सांगत नाही ते. २०१० च्या हरित न्यायाधिकरण कायद्यात अर्जदाराला स्वतः बाजू मांडता येते, वकील लागतोच असं नाही. नुकसानभरपाई मागायची नसेल तर अर्जाची फी १००० रुपये. अडचण असते ती मुदतीची. कलम १४ खाली वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून ६ महिने, सबळ कारण दाखवलं तर आणखी ६० दिवस. त्यापुढे एक दिवसही नाही. भरपाई आणि नदी पूर्ववत करून मागण्यासाठी कलम १५ आहे, तिथे ५ वर्षं. पर्यावरण मंजुरीला आव्हान द्यायचं असेल तर फक्त ३० दिवस आणि वर ६०. गावकरी वर्ष-दीड वर्ष निवेदनं देतात आणि मग फाइल घेऊन आमच्याकडे येतात. तोवर कलम १४ चं दार बंद झालेलं असतं, मग ओढूनताणून १५ मध्ये बसवायला लागतं. तुमचं पहिलं निवेदन कधीचं आहे ते आज बघा.

आणखी एक. न्यायाधिकरण फक्त आपल्या कायद्याच्या परिशिष्टात दिलेल्या कायद्यांवर बोलतं: जल, हवा, पर्यावरण संरक्षण, वनसंवर्धन, जैवविविधता वगैरे. वन्यजीव कायदा, वनहक्क कायदा त्यात नाहीत. त्यासाठी हायकोर्ट.

निवृत्त_महसूल

वरचे वकीलसाहेब बरोबर आहेत, पण ते शेवटच्या पायरीबद्दल बोलताहेत. हयात महसूल खात्यात गेली म्हणून सांगतो. महाराष्ट्रात पर्यावरण कायदा वाचायचा असेल तर आधी जमीन महसूल संहिता, १९६६ वाचा. निकाल मागाहून.

वाळूचंच घ्या. कलम ४८(७) खाली तहसीलदार बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड करू शकतो. ४८(८) खाली ट्रॅक्टर, डंपर, पोकलेन जप्त होतं. वाळू तस्कराला एमपीडीएखाली (घातक कृत्यांना आळा घालायचा राज्याचा कायदा) स्थानबद्ध करायची सोयही २०१५ पासून आहे. म्हणजे अधिकार कमी आहेत असं कुणी म्हणू नये. केस पडते ती पंचनाम्यात. किती ब्रास (वाळू मोजायचं माप) उचलली याचं मोजमाप नाही, खड्ड्याची लांबी-रुंदी-खोली नाही, जागा कुठली तर 'नदीपात्रात'. अरे, नदी शंभर मैलांची आहे! लगतचा गट नंबर लिहा, दोन कायम खुणांपासून अंतर लिहा, मोबाइलवर अक्षांश-रेखांश घ्या. 'अंदाजे ४० ब्रास' लिहिलेला दंड अपिलात उडतो. तुम्ही जिऑलॉजीवाले, मोजणी हा तुमचा धंदा. ग्रामसेवक आणि तलाठ्याला बोलावून पंच म्हणून सही करा, पण मोजमाप तुमचं असू द्या.

एलएलबीला लँड लॉजचा, म्हणजे जमिनीच्या कायद्यांचा पेपर असतो. पोरं तो गाईड वाचून काढतात आणि पर्यावरणाच्या पेपरला मोठमोठ्या निकालांची नावं पाठ करतात. व्हायला हवं उलटं.

मानसी_न

एलएलएम करतेय, त्यामुळे 'मोठमोठ्या निकालां'ची थोडी बाजू घेते. :)

पाठ करू नये हे मान्य. पण ज्याच्यामुळे तहसीलदाराच्या टेबलावरचा कागद बदलला असा निकाल समजून घ्यावाच लागतो. दीपक कुमार विरुद्ध हरियाणा, फेब्रुवारी २०१२. त्याआधी ५ हेक्टरच्या आतल्या वाळूपट्ट्यांना पर्यावरण मंजुरी लागत नव्हती, म्हणून मोठ्या पात्राचे मुद्दाम छोटे तुकडे पाडून लिलाव व्हायचे. सर्वोच्च न्यायालयाने ती पळवाट बंद केली. पुढे केंद्राने २०१६ मध्ये वाळूची मार्गदर्शक तत्त्वं काढली, २०२० मध्ये देखरेखीची काढली. जिल्हा सर्वेक्षण अहवाल हा प्रकार त्यातूनच आला.

माझा सगळ्यात आवडता निकाल मात्र रतलाम नगरपालिकेचा, १९८०. उघड्या गटारांना वैतागलेले लोक मॅजिस्ट्रेटकडे गेले, नगरपालिका म्हणाली पैसे नाहीत. न्या. कृष्ण अय्यर यांनी ती सबब ऐकून घेतली नाही. पर्यावरण संरक्षण कायदा यायच्या सहा वर्षं आधीची गोष्ट, आणि हत्यार कुठलं तर फौजदारी संहितेचं साधं कलम १३३. आता तेच नागरिक सुरक्षा संहितेत १५२ आहे. अर्ज प्रांताधिकाऱ्याकडे. अजूनही कुणी फारसं वापरत नाही.

सेकंडहँड पुस्तकं मात्र घेऊ नका. पर्यावरण संरक्षण कायद्यातली ५ वर्षांची कैद २०२३ च्या जनविश्वास कायद्याने गेली, आता १० हजार ते १५ लाख रुपये दंड आहे. जुन्या नोट्स अजून तुरुंगाचीच भीती दाखवतात. आणि काम आधी सुरू करून मागाहून मिळणाऱ्या पर्यावरण मंजुरीचं प्रकरण! मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बेकायदा ठरवली, नोव्हेंबरमध्ये दोन विरुद्ध एक मतांनी तोच निकाल मागे घेतला. मधल्या सहा महिन्यांत छापलेल्या पुस्तकांचं काय करायचं ते देव जाणे.

खडकवाचक

भीमाकाठ, तुमच्याकडे जे आहे त्याची किंमत तुम्हाला कळलेली दिसत नाही.

वरती जिल्हा सर्वेक्षण अहवालाचा उल्लेख आलाय. कुठल्या पट्ट्यातून किती वाळू काढायची ते या अहवालावर ठरतं. त्याचा जीव पुनर्भरणाच्या अभ्यासात असतो, म्हणजे पावसाळ्यात नदी किती वाळू परत आणून टाकते त्यात. पावसाळ्याआधी आणि नंतर, त्याच ठिकाणी, त्याच रेषेवर पात्राचे आडवे छेद घ्यायचे. फरक येईल तेवढीच नव्याने आलेली वाळू. ऑगस्ट २०२५ मध्ये जम्मू-काश्मीरच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टच सांगितलंय की पुनर्भरणाचा अभ्यास नसेल तर सर्वेक्षण अहवाल ग्राह्य धरता येणार नाही, आणि त्यावर दिलेली मंजुरीही टिकणार नाही.

आता तुमची भीमा बघा. वर उजनी आहे, १९८० पासून. वरून येणारी वाळू धरणात बसते, खाली पंढरपूरला येतं ते बहुतांशी गाळलेलं पाणी. नीरा नरसिंगपूरला नीरा मिळते, तिच्यावरही वर वीर आणि भाटघर आहेतच. मग पात्रात दरवर्षी वाळू भरते कुठून? हा प्रश्न अहवालात कुणी विचारलाय का ते शोधा. नसेल विचारला, तर तुम्ही विचारा. बसाल्टच्या मुलखात नदीकाठची वाळू म्हणजे पाणी धरून ठेवणारा स्पंज, खाली कातळ. ती थराथराने गेली की विहिरीचं पाणी पात्राकडे ओढलं जातं. मार्गदर्शक तत्त्वांत ३ मीटर किंवा पाण्याची पातळी, यातलं जे कमी तिथे थांबायचं आहे. पाण्यात उतरून पोकलेन चालत असेल तर मर्यादा मोडली हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. पण ती पातळी महिन्यामहिन्याला मोजून ठेवलेली वही मात्र लागते.

म्हणून माझं मत: एलएलबी नंतर करा. आधी भूजलाचं एखादं छोटं प्रशिक्षण घ्या. पुण्यात अ‍ॅक्वाडॅम ही भूजलाची संस्था आहे, संभाजीनगरला वाल्मी ही जल-भूमी व्यवस्थापनाची. कोर्टात वकील पुष्कळ आहेत. पाणीपातळीचा आलेख काढून उलटतपासणीला उभा राहणारा माणूस मिळत नाही.

धानोराकर

हे सगळं तक्रारीचं झालं जी. पर्यावरण कायदा म्हणजे फक्त कुणाला तरी थांबवणं असं इथे सगळ्यांनी धरलंय. आमच्या गडचिरोलीत तो वेगळा शिकायला मिळतो.

मेंढा (लेखा) हे आमच्याकडचं गाव सगळ्यांना माहीत असतं, घोषणेपुरतं. कायद्याच्या अंगाने बघा. २००६ च्या वनहक्क कायद्यात बांबू गौण वनोपजात धरलाय. मेंढ्याला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी वनखातं वाहतुकीचा पास देईना. कारण त्यांच्या हातात १९२७ चा वन कायदा, आणि त्यात तेव्हा बांबू म्हणजे झाड. हक्क आहे पण बांबू गावाबाहेर नेता येत नाही, असं दोन वर्षं चाललं. एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि वाहतूक पासांचं पासबुक ग्रामसभेच्या हाती आलं, तेव्हा गाठ सुटली. म्हणजे हक्क हक्काच्या कागदावर होता, आणि सत्ता होती पासबुकात.

त्यानंतर खरा अभ्यास सुरू होतो. बांबू कुठल्या भागात किती वर्षांनी तोडायचा, मजुरी किती, किती पैसे जंगलावर परत लावायचे, लिलावात कंत्राटदारांनी संगनमत करून भाव पाडला तर काय. कलम ५ ने ग्रामसभेला राखायचा अधिकार दिला, पण त्याचं नियोजन लिहायला माणूस लागतो. तो वकीलही नसतो आणि वनखात्याचाही नसतो. संसाधन व्यवस्थापन शिकायचं तर यासाठी शिका. टिसचं (टाटा समाजविज्ञान संस्था) तुळजापूर केंद्र तुम्हाला सोलापूरहून जवळच आहे, तिथे जाऊन विचारा.

निवृत्त_महसूल यांच्याशी एका बाबतीत पूर्ण सहमत. आमच्याकडचं झुडपी जंगल महसुली नोंदीतूनच जन्मलं. पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत ८६ हजार हेक्टरांवर जमीन. कागदावर 'झुडपी जंगल', जागेवर कुठे शाळा, कुठे वस्ती, कुठे नुसतं माळरान. मे २०२५ च्या निकालाने ती सगळी वनात गेली. १२ डिसेंबर १९९६ च्या आधी वाटलेल्या जमिनींना मंजुरीचा रस्ता ठेवला, नंतर वाटलेल्यांची चौकशी. आता घर १९९४ चं की १९९८ चं, हे कुठल्या पुस्तकात बघणार? फेरफार काढायलाच लागतो.

पैठणकर

संसाधन व्यवस्थापन म्हणता आणि गोदावरीवरचं आमचं जायकवाडी धरण नाही? २००५ च्या जलसंपत्ती प्राधिकरण कायद्याचं कलम १२(६)(ग) वाचा. टंचाई आली तर खोऱ्यातल्या सगळ्यांनी वाटून घ्यायची, वरच्याने आधी पोट भरायचं नाही. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांहून कमी साठा असेल तर वरच्या नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडायचं, हे मेंढेगिरी समितीच्या अभ्यासातून आलं, २०१४ च्या आदेशाने लागू झालं, २०१६ मध्ये हायकोर्टाने उचलून धरलं. तरी दर टंचाईच्या वर्षी भांडण!

दारणाकाठ

कायदा वाचला आहे. नोव्हेंबरात कोरड्या पात्रातून सोडलेलं पाणी वाटेत किती जिरतं तेही वाचा. द्राक्षबाग जळाल्यावर समन्याय कुठे असतो?

पैठणकर

तुमची द्राक्षं आणि आमचं पिण्याचं पाणी एका तागडीत घालू नका.

कोर्टाची_पायरी

दोघांनी वेगळा धागा काढा. विद्यार्थ्याने मात्र हा आदेश आणि हायकोर्टाचा निकाल शेजारी ठेवून जरूर वाचावा. प्राधिकरणाच्या आदेशात टीएमसी, बाष्पीभवन, वहनव्यय (वाटेत वाया जाणारं पाणी) सगळं आहे. कायदा आणि जलशास्त्र इतके एकमेकांत मिसळलेले दुसरं प्रकरण महाराष्ट्रात नाही.

दूरनियोजक

न्यूझीलंडमध्ये एका कौन्सिलमध्ये नियोजक आहे. 'रिसोर्स मॅनेजमेंट' हा शब्द इथे थेट कायद्याच्या नावातच आहे, म्हणून लिहितो.

जमीन, पाणी, हवा, किनारा यांचे विखुरलेले पन्नासेक कायदे आणि नियम मोडून १९९१ मध्ये एकच कायदा केला. विहिरीतून पाणी काढायचं, नदीत काही सोडायचं, सगळ्याला त्याच कायद्याखाली संमती. ती जास्तीत जास्त ३५ वर्षांची. प्रादेशिक कौन्सिलांच्या हद्दी बऱ्याच अंशी नद्यांच्या पाणलोटाप्रमाणे आखल्यात. मला भारतातून आल्यावर सगळ्यात जास्त हेवा याचाच वाटला. आपल्याकडे नदीचा डावा काठ एका जिल्हाधिकाऱ्याकडे, उजवा दुसऱ्याकडे.

पण इथे स्वर्ग आहे असं समजू नका. पाणी बराच काळ 'आधी अर्ज त्याला आधी' या तत्त्वाने दिलं गेलं. अर्ज नियमात बसतो की नाही ते तपासलं जायचं, एकंदर नदीवर काय भार पडतोय ते मागे राहायचं. कँटरबरीत दुग्धव्यवसाय वाढला तशी भूजलातल्या नायट्रेटची डोकेदुखी वाढली, आणि प्रत्येक संमती कायदेशीरच होती. २०२३ मध्ये ऑगस्टला जुन्याच्या जागी दोन नवे कायदे केले, सरकार बदललं, डिसेंबरात ते रद्द. नियोजकांनी नवा अभ्यासक्रम शिकून घेतला होता.

वांगानुई नदीला २०१७ मध्ये कायद्याने व्यक्तिमत्त्व मिळालं ते तुम्ही वाचलं असेल. त्याच महिन्यात उत्तराखंड हायकोर्टाने तो दाखला देऊन गंगा-यमुनेला व्यक्ती ठरवलं आणि जुलैत सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. फरक एवढाच की इथे नदीच्या वतीने बोलणारी दोन माणसं नेमली, एक इवींचा (माओरी जमातींचा) आणि एक सरकारचा. मागे निधी ठेवला आणि त्याआधी शंभराहून जास्त वर्षांचं भांडण तडजोडीने मिटवलं होतं. तिकडे राज्याच्या अधिकाऱ्यांनाच पालक केलं.

भारतात काम करायचं असेल तर शिकायला इकडे यायची गरज नाही. तुमचा मुख्य कायदा सातबाऱ्याच्या भाषेत आहे, तो इथे कोण शिकवणार?

भीमाकाठ

एवढं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवली.

तीन शंका. एक, भूजलाचा आमचा राज्याचा कायदा आहे म्हणतात, तो इथे चालतो का? दोन, ओढ्यात मळीचं पाणी येतं तेव्हा बाटलीत भरून लॅबला दिलं तर पुरावा होतो का? तीन, पहिलं निवेदन दोन वर्षांपूर्वीचं आहे, म्हणजे कलम १४ गेलंच ना?

कोर्टाची_पायरी

तिसऱ्यापासून. जुन्या उपशासाठी गेलं. पण भरपाई आणि पात्र पूर्ववत करण्यासाठी कलम १५ ची पाच वर्षांची मुदत अजून संपलेली नाही, आणि नव्या लिलावाला नवी मंजुरी निघाली तर तिच्याविरुद्ध अपिलाचे दिवस नव्याने मोजले जातात. परिवेश पोर्टल (पर्यावरण मंजुऱ्यांची केंद्राची वेबसाइट) दर आठवड्याला उघडा.

दुसरं. जल कायद्याच्या कलम २१ खाली नमुना घ्यायची ठरलेली रीत आहे: कारखान्याला नोटीस, त्याच्या माणसादेखत नमुना घेऊन दोन भाग, सीलबंद, सह्या. त्या रीतीने न घेतलेला नमुना खटल्यात चालत नाही. तुमची बाटली प्रदूषण नियंत्रण मंडळाला जागं करायला आणि न्यायाधिकरणात प्राथमिक चित्र उभं करायला उपयोगी पडते, तेवढंच. माहिती अधिकाराच्या कलम २(जे) मध्ये मात्र सरकारी ताब्यातल्या साहित्याचे प्रमाणित नमुने मागायचा हक्क आहे. आणि कारखान्याला पर्यावरण मंजुरी असेल तर त्याचा सहामाही अनुपालन अहवाल मागा, १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचा असतो. कारखान्याने स्वतः सही करून दिलेला कागद पुराव्याला कधीही बरा.

खडकवाचक

पहिल्याचं मी. १९९३ चा कायदा सार्वजनिक पिण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या अंतरापुरता होता. २००९ चा कायदा व्यापक आहे, २०१४ पासून लागू, त्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधन आहे. पाणलोटाच्या समित्या, पीक आराखडे, सगळं लिहिलंय. पण तुम्ही बोअरचे पॉइंट देता, तुम्हीच सांगा, ६० मीटरवर थांबलेलं बोअर शेवटचं कधी बघितलंत?

मूळ दुखणं १८८२ च्या सुखाधिकार कायद्यात आहे. जमिनीखाली झिरपणारं पाणी जमीनमालकाने हवं तेवढं काढावं, हा इंग्रजी विचार. नवा कायदा त्याच्यावर येऊन बसलाय, पण लोकांच्या डोक्यात अजून १८८२ च आहे.

भीमाकाठ

२०० फुटांवर? हसलो. आमच्याकडे ६०० च्या खाली बोलणीच होत नाहीत.

ठरवलंय असं: यंदा भूजलाचं प्रशिक्षण आणि वही. पुढच्या वर्षी एलएलबीची सीईटी, कॉलेज सोलापुरातच बघेन म्हणजे नोकरी अर्धवेळ तरी राहील. घरी एमपीएससीबद्दल काय सांगायचं ते बघू. जिल्हा सर्वेक्षण अहवाल जिल्ह्याच्या वेबसाइटवर शोधतोय, जुनाच दिसतो.

मानसी_न

दर पाच वर्षांनी नवा करावा लागतो. मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयात आणि वेबसाइटवर २१ दिवस ठेवून हरकती मागवणं बंधनकारक आहे. तेवढे २१ दिवस चुकवू नका. उजनी आणि पुनर्भरणाचा मुद्दा तिथे लेखी नोंदवला असेल तर पुढे अपिलात 'हे आधी का सांगितलं नाही' असं कुणी म्हणू शकत नाही.

निवृत्त_महसूल

हरकत जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्याच्या नावे, प्रत प्रांत आणि तहसीलदाराला. टपालाने नको, हातोहात द्या, आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का तुमच्या प्रतीवर घ्या. आडव्या छेदांचे तक्ते जोडा, पानांना क्रमांक द्या आणि शेवटी 'सोबत एकूण इतकी पाने' असं लिहा. न लिहिलेली पानं फाइलीतून गळतात.